खिळा बसवणारी दिपाली

दिपालीकडं माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते निपाणीच्या बाजारात, भंगारवाल्याच्या तरटापाशी. गंजलेले अडकित्ते आणि कुलपं यांच्या ढिगातून तिनं एक जुना वस्तरा उचलला होता आणि कानाशी धरून ती तो उघडत-मिटत होती.

"ताई, फोन न्हाय त्यो," भंगारवाला म्हणाला.

"बोलतोय की, काका. खिळा ढिला हाय म्हणतोय."

मला हसू आलं आणि मी तिची चौकशी केली. कंग्राळीच्या शेतकरी घरातली ही मुलगी बेळगावात, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सुटे भाग तपासते. माप केसभर चुकलं तरी भाग परत पाठवायचा, हे तिचं काम. सुट्टीच्या दिवशी ती जुने वस्तरे दुरुस्त करते. धार लावणारे पुष्कळ असतात. हिचा जीव असतो तो पातं मुठीत फिरतं त्या जागेवर, तिथल्या खिळ्यात आणि त्याच्या दोन बाजूंच्या चकत्यांत. एकदा तिनं स्टीलचा खिळा घातला होता. स्टील ठोकून पसरेना आणि शिंगाची मूठ उभी चिरली. तेव्हापासून खिळा पितळी तारेचाच.

बोरगावचे मारुतीराव माझ्या नोकरीच्या काळापासून माझी दाढी करत आलेत. दुकानात आता सगळे पातं बदलायचा वस्तरा वापरतात, पण वडिलांचा जुना वस्तरा त्यांनी फडक्यात गुंडाळून जपला होता. घरातल्या प्रत्येक मुलाचं जावळ त्यानंच निघालं होतं. आता स्वरूपचं, त्यांच्या नातवाचं, जावळ होतं. मारुतीरावांनी वस्तरा बाहेर काढला, तर पातं डुलत होतं.

"असल्या हलत्या पात्याखाली लेकराचं डोकं न्हाय देणार, मामंजी," सून रचना साफ म्हणाली. "नव्या वस्तऱ्यानं काढा, न्हायतर दुसऱ्याला बोलवा."

मारुतीरावांनी त्या दिवशी माझ्या दाढीला साबण लावता लावता हे सगळं सांगितलं. मग मीच त्यांना कंग्राळीला घेऊन गेलो.

दिपालीनं गंजलेला खिळा काढला, तशा दोन पितळी चकत्या तिच्या हातात आल्या. झिजून पानासारख्या पातळ झालेल्या.

"माझ्या आईचा तांब्या फुटला, तवा बापानं त्यातनं कातरल्यात," मारुतीराव म्हणाले. "टाकू नको, पोरी."

तिनं त्या डबीत ठेवल्या.

पुढच्या खेपेला वस्तरा तयार होता. नव्या, तंतोतंत सारख्या चकत्या, वर घुमटासारखा पसरलेला खिळा. पातं जरासुद्धा हलत नव्हतं. दिपाली खुशीत होती. मारुतीरावांनी वस्तरा हातात घेऊन अंगठा लावला. उघडेना. शेवटी दुसरा हात लावला.

"वस्तरा केलाईस का तिजोरी?"

"डुलत होता म्हणून तर आणलासा, आप्पा!"

"डुलाय नको, तसं अडाय बी नको. एका हातानं लेकराचं डोकं धरायचं असतंय. ह्यो एकट्या अंगठ्यानं उघडाय पायजे, आन् उघडलेल्या जागी थांबाय पायजे."

दिपालीनं क्षणभर वस्तऱ्याकडं पाहिलं आणि ती हसली. "कारखान्याची खोड, आप्पा. तिथं घट्ट बसलं की पास."

तिनं खिळ्याचं डोकं कानशीनं घासून काढलं. नव्या चकत्या बाहेरून ठेवल्या. मग डबी उघडून फुटक्या तांब्यातनं कातरलेल्या त्या दोन जुन्या पितळी चकत्या आत, पातं आणि मूठ यांच्यामध्ये सरकवल्या. पितळी तारेचा नवा तुकडा ओवला आणि लहानशा हातोडीनं ठोकायला लागली. थोडं ठोकायची आणि वस्तरा मारुतीरावांच्या हातात द्यायची. ते अंगठ्यानं उघडून बघायचे.

"अजून जरा. अजून. बास! हात आवर."

पातं अंगठ्याच्या एका रेट्यात उघडलं आणि उघडलं तिथं थांबलं.

"पण बापाच्या चकत्या आत गेल्या की गं. दिसणार कुणाला?"

"दिसाय नव्या हाईत. फिरवाय जुन्या."

मारुतीरावांनी वस्तरा आणखी दोनदा उघडला, मिटला. "आलं हाताला," एवढंच म्हणाले.

जावळाला मी आणि दिपाली, दोघंही गेलो होतो. रचनानं आधी वस्तरा स्वतः मागून घेतला, कानाशी हलवून पाहिला, पात्याला हिसका दिला आणि मग सासऱ्यांच्या हातात ठेवला. मामाच्या मांडीवर स्वरूपनं घर डोक्यावर घेतलं. मारुतीरावांनी एका हातानं त्याचं डोकं धरलं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं वस्तरा उघडला. डोकं स्वच्छ झालं, कुठं ओरखडा नाही. रचनानं पोराला उचललं आणि पहिला पेढा दिपालीच्या हातावर ठेवला.

दिपाली अजून उद्यमबागेत पहिल्या पाळीला जाते. वस्तरा दुरुस्तीला घेते, पण खिळा ठोकताना वापरणाऱ्यानं समोर बसायचं, नाहीतर काम घेत नाही.