नाबिंतुची दुसऱ्यांदा शाळा

विद्यापीठातला कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने नाबिंतुला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मगच सांगितलं, "बाई, शाळेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय मला अर्ज घेता येत नाही."

"ते बुकावूला जळलं."

"मग तिथून दुसरं मागवा."

"शाळाही जळली हो."

कारकुनाने अर्ज परत तिच्यापुढे सरकवला. नियम काही त्याने केलेला नव्हता.

काँगोतल्या बुकावूत नाबिंतु शेतकीच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा एका पहाटे गोळीबार सुरू झाला. तान्ही असीफिवे पाठीला बांधलेली, नवऱ्याच्या खांद्यावर शिवणयंत्राचं मुंडकं, एवढ्यावर त्यांनी घर सोडलं आणि हद्दी ओलांडत ती मलावीतल्या ड्झालेका या निर्वासितांच्या छावणीत येऊन पडली. असीफिवे आता सतराची झाली होती. मधली सगळी वर्षं नाबिंतुने बाजारात मंदाझी, म्हणजे तिकडचे गोडसर वडे, तळून विकले होते. छावणीतल्या लोकांसाठी विद्यापीठाने काही जागा ठेवल्यात, असं कानावर आलं तेव्हा हातातला झारा तसाच ठेवून ती छावणीबाहेर जायची परवानगी काढायला धावली होती.

संध्याकाळी ती परतली तेव्हा नवरा, चिरुझा, दारात यंत्र मांडून बसला होता.

"काय झालं?"

"शाळेत जाते."

"आता? कुणाला भेटायला?"

"शिकायला. इथली बारावी पुन्हा देते. जुना कागद मिळत नाही ना, मग नवा मिळवते."

चिरुझाने तिच्याकडे नीट पाहिलं. थट्टा नाही हे कळल्यावर त्याने गळ्यातली टेप काढली. "उभी राहा, गणवेशाचं माप घेतो. पण पोरींसारखा गुडघ्यापर्यंत शिवणार नाही हां. माझी सासू वरून ओरडेल."

छावणीच्या शाळेचे मुख्याध्यापक कालिलोंबे वयाने तिच्याहून लहान. ते पेन्सिलीशी चाळा करत म्हणाले, "बाई, मुलं हसतील."

"हसू देत, सर. हसणारी मुलं झोपत तरी नाहीत."

सरांनाच हसू आलं, आणि नाबिंतुला अकरावीत घेतलं गेलं. अडचण एवढीच होती की त्याच वर्गात असीफिवे होती.

"दुसरी कुठली शाळा नाही का गं मिळाली तुला?" लेक रडकुंडीला आली.

"दाखव दुसरी, तिथे जाते."

"मग मागे बस. आणि मला हाक मारायची नाही!"

नाबिंतु मुकाट्याने मागच्या बाकावर बसली. पहिल्याच दिवशी एका पोरीने वळून विचारलं, "आजी, तुम्ही कुणाला सोडायला आलात?"

"मला स्वतःलाच," नाबिंतु म्हणाली. वर्ग खिदळला. असीफिवेने पुस्तकात तोंड खुपसलं. तेव्हापासून तिचं नावच 'आजी' पडलं, आणि हळूहळू पोरीच डबा घेऊन आजीच्या बाकावर येऊन बसायला लागल्या.

जीवशास्त्र, रसायन तिला सोपं गेलं. इंग्रजी मात्र काही केल्या जमेना. सगळं शिक्षण फ्रेंचमधून झालेलं. इंग्रजी वाक्य तोंडात येईपर्यंत सर पुढच्या धड्यावर गेलेले असायचे. बारावीचा निकाल भिंतीवर लागला. असीफिवे चांगल्या गुणांनी पास झाली होती. आई सगळ्यांत पास, इंग्रजीत नापास.

नाबिंतु घरी आली आणि पीठ मळायला बसली. मळलेलंच पुन्हा मळत राहिली. असीफिवे थोडा वेळ दारात घुटमळली, मग आईच्या हातातून परात ओढून घेतली.

"पुरे आता, दगड होईल त्याचा. आणि ऐक. उद्यापासून आपल्याकडे मंदाझी मागायचे ते इंग्रजीत. तूही इंग्रजीतच बोलायचं."

"गिऱ्हाईकं पळतील गं!"

"कुठे पळतायत? तुझ्यासारखे मंदाझी आहेत का कुणाचे?"

गिऱ्हाईकं पळाली नाहीत, कुरकुरली खूप. "अगं पोरी, मला भूक लागलीय, परीक्षा नाही द्यायची," शेजारची नियोंकुरु वैतागायची. असीफिवे मात्र आईच्या मागे उभी राहून चुकलेला शब्द तिथल्या तिथे सुधारायची. वर्गात आईला ओळख न देणारी ही पोरगी आता भर बाजारात ओरडायची, "आई, क्रियापद! क्रियापद राहिलं!"

पुढच्या खेपेला नाबिंतु इंग्रजीत सुटली. असीफिवे तोवर परिचारिकेच्या शिक्षणाला लागली होती, तिने निरोप पाठवला, "आजींचं अभिनंदन." नाबिंतुला शेतकीच्या पदवीला जागा मिळाली. फॉर्म घेताना तोच कारकून होता. त्याने तिला ओळखलं, आणि शिक्का मारताना उगीचच दोनदा मारला.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या लोकांनी छावणीतल्या विद्यार्थ्यांना बोलावून काय अडचणी येतात ते विचारलं. कुणी विजेचं सांगितलं, कुणी प्रवासाचं. नाबिंतु उभी राहिली. "माझं ठीक चाललंय. पण माझ्या शेजारी नियोंकुरु आहे. बुरुंडीत ती शाळेत गणित शिकवायची. तिची पाच लेकरं आहेत, तिला माझ्यासारखं पुन्हा वर्गात बसणं जमणार नाही. असे कागद गेलेले खूप आहेत. त्यांची परीक्षा तुम्हीच घ्या. काय येतं, काय नाही, तुम्हालाच कळेल."

"कुणीही उठून परीक्षेला बसेल मग," एक प्राध्यापक म्हणाले.

"बसू द्या की. येत नसेल तर नापास करा. मलाही केलंच होतं."

चर्चा महिनोन् महिने चालली. पण शेवटी परीक्षा ठरली, आणि तीही छावणीच्या शाळेतच.

त्या दिवशी नाबिंतु नियोंकुरुचं धाकटं कडेवर घेऊन शाळेबाहेर आंब्याखाली बसली होती. पोर तिच्या खांद्यावर गाढ झोपून गेलं. घंटा झाली तशी नियोंकुरु बोटांची शाई कमरेच्या कापडाला पुसत बाहेर आली.

"भूमितीचा शेवटचा प्रश्न अगदी सरळ होता गं, आणि मी उगाच लांबून गेले!"

"काय होता?"

नियोंकुरुने काटकी उचलली आणि तिथेच धुळीत वर्तुळ काढायला लागली. पोराला जाग येऊ नये म्हणून दोघी उत्तरावरून कुजबुजत भांडत होत्या.