बोटीवरचे आठ दिवस

मी प्राणिशास्त्र शिकवायची म्हणजे काय करायची, तर मेलेले जीव दाखवायची. धुळ्याला देवपुरातल्या आमच्या कॉलेजात बरण्यांची दोन कपाटं होती आणि एका खोक्यात प्रवाळाचा पांढराफटक तुकडा होता. ‘जिवंत असताना हे रंगीत असतं’ असं मी दरवर्षी नव्या वर्गाला सांगायची. दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, ‘मॅडम, तुम्ही पाहिलंय का?’ समुद्र मी एकदाच पाहिला होता, लग्नानंतर, तोही साडी वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी माझ्या एमएस्सीच्या मैत्रिणीचा कोचीनहून फोन आला. ती समुद्रसंशोधनात होती. दर हिवाळ्यात त्यांची बोट लक्षद्वीपच्या बेटांकडे जायची. आठ दिवस माणसं बोटीवरच राहायची, तिथेच जेवायची, झोपायची आणि दिवसातून दोन-तीनदा पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरायची, प्रवाळ मोजायला. त्या वर्षी एक जागा रिकामी होती. ‘येतेस?’ तिने विचारलं. मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर घाबरले.

प्रवाळ बघायचं होतं हे खरंच. पण त्याहूनही खरं सांगायचं तर मी दमले होते. आजारी नव्हते, दुःखीही नव्हते, नुसती दमलेली होते. पहाटे नळ यायचा, मग डबे, मग कॉलेज, मग पोरांचे अभ्यास, मग पुन्हा कणीक. त्यात घरी येणारा प्रत्येक माणूस बसल्या बसल्या माझ्याकडे बघायचा, म्हणजे चहा. ज्या बोटीवर आठ दिवस मला कुणी चहा मागणार नव्हतं, तिच्यासाठी मी समुद्राच्या तळाशी काय, कुठेही गेले असते.

नवरा पाटबंधारे खात्यात होता. तो म्हणाला, “बघ, झेपतंय का.” हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं, ते परवानगी म्हणून घ्यायचं की नकार म्हणून, हे आपलं आपण ठरवायचं. मी परवानगी म्हणून घेतलं. सासूबाई, ज्यांना सगळं घर अक्का म्हणायचं, त्या तांदूळ निवडत होत्या.

“समिंदरमा काय शे?” त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. “आठे पांझरामा पानी नही का?”

खरं तर गावातल्या पांझरा नदीतही तेव्हा पाणी नव्हतं, पण ते बोलण्यात अर्थ नव्हता. पुढे कित्येक दिवस त्यांनी हा विषय काढला नाही. चिडल्या असत्या तर परवडलं असतं.

पोहायला मला येत होतं. माझं माहेर सावद्याचं. केळीच्या मळ्यातल्या विहिरीत नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून मला ढकललं होतं. पण टाकी घेऊन पाण्याखाली जाणं वेगळं. त्यासाठी दिवाळीच्या सुटीत पुण्याला जाऊन एका पोहण्याच्या तलावात शिकावं लागलं. घरचा फराळ उरकून गेले, त्यामुळे पहिल्या दिवशी पाण्यातच मला जांभया येत होत्या. पोहण्याचा पोशाख मला धुळ्यात मिळाला नाही. शेवटी शिंप्याकडून नायलॉनची घट्ट सलवार आणि बंडी शिवून घेतली. “मॅडम, गॅदरिंगमा काम करी ऱ्हायन्यात का?” त्याने माप घेताना विचारलं. मी हो म्हणून टाकलं. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

पुण्याच्या शिक्षकाने एक गोष्ट घोकून घेतली होती. खाली जाताना पाणी कानाच्या पडद्यावर दाब देतं, म्हणून थोडं थोडं उतरून नाक चिमटीत धरायचं आणि हळूच फुंकायचं, की कान सुटतात. ‘घरी सराव करा,’ त्याने सांगितलं होतं. घरी सरावाला वेळ कुठला? मी भाकरी थापता थापता करायची. एक भाकरी तव्यावर टाकली की नाक चिमटीत धरायची, गाल फुगवायची, कानात टक्‌ झालं की दुसरी भाकरी. नाकाला कायम ज्वारीचं पीठ.

अक्का दारातून हे बघत होत्या. चार-पाच दिवस नुसत्या बघत राहिल्या.

“कान दुखस का?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना पाण्याच्या दाबाचं समजावलं. वर्गात समजावते तसंच, हातवारे करून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातून त्यांना हवं ते काढलं.

“कानमा पानी गयं का डोकामा जास,” त्या म्हणाल्या. “इकडे ये. तेल टाकस.”

छोट्या कढल्यात तिळाचं तेल, त्यात ठेचलेला लसूण. आमच्याकडे कानाला काहीही झालं तरी हेच औषध, आणि काही झालेलं नसलं तरी हेच. कानात तेल घालू नये, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कानाची आकृती मी फळ्यावर न बघता काढायची. पण अक्कांनी पलंगावर मांडी घातली होती आणि मांडीवर हात आपटून त्या मला बोलावत होत्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांनी मला असं कधी बोलावलं नव्हतं. त्यांच्याकडून जाण्याची परवानगी मिळाली ती ही अशी, कोमट आणि लसणाच्या वासाची. मी डोकं ठेवलं. एका कानात तेल, मग कापूस, मग दुसरा कान. त्यांचा हात केसांतून फिरत राहिला आणि मला झोप लागली. तेवढा वेळ कुणी मला उठवलं नाही.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळ झाली की मी त्या अर्ध्या तासाची वाट बघायला लागले. बोटीचा दिवस जवळ येत होता, रजा मंजूर झाली होती, बॅग भरून दाराशी आली होती. अक्कांनी तीत मेथीचे लाडू घातले होते, बोटीवरच्या सगळ्यांना पुरतील एवढे. कान आधी खाजले, मग ठणकले. मी दुर्लक्ष केलं.

पेपर तपासायला जळगावला जावं लागलं, तेव्हा तिथल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे गेले. बोटीसाठी कान ठीक असल्याचा दाखला लागणारच होता. त्यांनी बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले आणि विचारलं, “तेल घालता का हो?”

दोन्ही कानांत बुरशी धरली होती, एक पडदा सुजला होता. महिना-दीड महिना कानाला पाणी लागता कामा नये, असं ते म्हणाले. समुद्रात उतरायचंय म्हटल्यावर त्यांनी पेनचं टोपण लावून टाकलं. जळगावच्या स्टँडजवळच्या बूथमधून मी मैत्रिणीला फोन केला. “पाण्यात उतरत नाही, नुसती बोटीवर राहते,” असंही म्हणून पाहिलं. झोपायच्या जागा मोजक्याच होत्या. प्रत्येक जागेवर खाली उतरणारा माणूस हवा होता. तिचंही बरोबर होतं. धुळ्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी रडले. राग कुणावर काढावा तेच कळेना. ज्या हातांवर काढायचा, त्या हातांत मी दोन आठवडे गाढ झोपले होते.

घरी येऊन सांगितलं, बोट रद्द झाली. तेलाचं कुणालाही बोलले नाही; बोटच नाही तर आता तेल कशाला, एवढंच अक्कांना म्हटलं.

“बरं झालं,” नवरा म्हणाला, “थंडीत पाण्यात जायचं म्हणजे...” आणि त्याने पेपर उघडला. अक्कांनी बॅग उचलून कपाटावर ठेवली, उघडली मात्र नाही.

ज्या दिवशी निघायचं होतं, त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात गेले. अक्का आधीच गॅसपाशी उभ्या होत्या.

“तू ते गयी शे ना?” त्या म्हणाल्या. “मंग आठे काय करी ऱ्हायनी? जाय, नीज.”

मला वाटलं, रागावल्या आहेत. मी पातेल्याला हात लावला, तर त्यांनी तो बाजूला केला. नवऱ्याने बाहेरून चहा मागितला. अक्का दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“ती घरमा नही. बोटवर शे,” त्यांनी लेकाला सांगितलं. “लगीन व्हयनं तवयपासून एक दिन बी बठनी नही ती. आते आठ दिन तिले हाक मारू नको.”

त्यांनी ते शब्दशः पाळलं. शेजारीण आली, तिलाही तेच सांगितलं. मी मागच्या खोलीत पलंगावर होते आणि माझे पाय शेजारणीला दिसत होते. पोरं आधी हसली, मग त्यांनाही मजा वाटली. ती दबक्या पावलांनी ताट आणून ठेवायची. कानांत औषधाचा कापूस होता, घर लांबून ऐकू यायचं. पहिले दोन दिवस मला लाज वाटली. नंतर मी झोपले. दुपारी झोपले, जेवून झोपले, उठून पुन्हा झोपले. प्रवाळ मी त्या वर्षी पाहिलं नाही, पुढेही कधी पाहिलं नाही, आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी अक्का येऊन पलंगावर टेकल्या. गुडघे सुजले होते त्यांचे.

“मंग, काय देखं तठे?”

“काहीच नाही, अक्का. झोपले नुसती.”

त्यांनी मान हलवली. गुडघ्यांवरून हात फिरवला.

“माले असं कोनी निजू दिन्हं नही कधी,” त्या म्हणाल्या. मग भिंतीला धरून उठल्या. “सकायले च्या तू ठेवजो. बोट परत उनी आते.”