खणमामांच्या चुका

खणमामांना बसून काही आठवत नसे. टपरीवर चहा पिताना कुणी मुद्दाम विचारलं, "मामा, मुरगूडची पत्रं कुठं टाकायची हो?" की ते कपाळ खाजवत, इकडेतिकडे बघत आणि शेवटी बशी बाकावर ठेवून उभे राहत. उजवा हात खांद्याच्या वर नेला की उत्तर हजर. आम्ही हसायचो. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "डोस्क्यात कशाला ठेवायचं? हात हाय की," म्हणत आणि उरलेला चहा उभ्यानंच संपवत.

सत्तर सालच्या आसपास कोल्हापुरातल्या एका टपाल कचेरीत मी चिकटलो, तेव्हा मामा तिथं पत्रं निवडायचे. भिंतीला मोठं लाकडी फडताळ, त्यात लहान लहान खण, एकेका गावाला एकेक. पत्ता वाचायचा आणि पत्र त्या गावाच्या खणात टाकायचं. वीस-बावीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांचं नाव खणमामा पडलं. नव्यानं आलेल्या एका बाईंना वाटलं, हे चोळीचे खण विकतात. "गुलाबी आहे का हो?" त्यांनी विचारलं. मामा गंभीरपणे म्हणाले, "हाय की. खरं त्यात कबनूरची पत्रं हायती."

या कामाची एक परीक्षा असायची. गावांच्या नावांच्या चिठ्ठ्यांची थप्पी द्यायची आणि ठरल्या वेळात ती खणांत लावायची. शाळेत मी पाठांतरात पहिला. खणांची यादी घरी कॉटवर पडून घडाघडा पाठ केली आणि परीक्षेत साफ आपटलो. कबनूर हाती आलं की यादी पहिल्यापासून पुटपुटायला लागायची. पाढा मधूनच विचारल्यावर व्हावं तसं झालं. पुन्हा नापास झालो असतो तर नोकरी गेली असती, आणि घरात कमावणारा मी एकटा.

"पावणं, तुम्ही पाठ केलंय," मामा म्हणाले, "शिकलाय कुठं?"

त्यांनी माझी यादी काढून घेतली ती कायमचीच. जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या, त्यांवर आपल्या अगाध अक्षरात 'कुरनवाड', 'मुर्गुड' असं काहीबाही लिहिलं आणि मला फडताळासमोर उभं केलं. खण कुठला ते कधी सांगायचे नाहीत. "आदी टाका. चुकलं की सांगतो." आणि चुकलं की असे ओरडायचे, "चुकलंऽ!" की तिकिटांच्या खिडकीवरची माणसंसुद्धा वळून बघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण ते गाव पुन्हा चुकायचं नाही. जरा जमायला लागलं की म्हणायचे, "आता दोन दिस सुट्टी. जरा इसरायला तर पायजे." परीक्षा तोंडावर आलेली आणि हा माणूस विसरायला सांगतोय! मी मनातल्या मनात शिव्या घालायचो. पण तिसऱ्या दिवशी डोकं पिंजून जी नावं बाहेर काढायचो, ती पक्की बसायची. मी पास झालो.

पाच-सहा वर्षांनी लाकडी फडताळ गेलं आणि लोखंडी आलं. खणांचा क्रमही बदलला. आता गावं गाड्यांच्या मार्गाप्रमाणे लागली. आम्हा बाकीच्यांना पंधरा दिवसांत सवय झाली. मामांचे डोळे कुरुंदवाड वाचायचे, तोंड कुरुंदवाड म्हणायचं, आणि हात जुन्या जागी जायचा. तिथं आता मुरगूड होतं.

मला ओरडता आलं असतं. पण माझ्याच्यानं ते झालं नाही. निवृत्तीला वर्ष राहिलेला माणूस, त्याला चारचौघांत काय सांगायचं? मी गठ्ठे बांधायच्या आधी गुपचूप त्यांची चुकलेली पत्रं काढून बरोबर खणात टाकायचो. माझं काम संपवून वर त्यांचं निस्तरायचं. रोज अंगाचा पार पिट्टा पडायचा, तरी आपण काही चांगलं करतोय या समाधानात मी चार महिने रेटले. मामा खुशीत होते. "जमतंय म्हणायचं मला नवीन," एकदा म्हणाले. मी मान डोलावली.

मग मला ताप आला आणि मी दोन दिवस घरी राहिलो. त्या दोन दिवसांत कुरुंदवाडच्या एका मुलीचं नोकरीच्या मुलाखतीचं पत्र मुरगूडला गेलं आणि फिरून तिच्या घरी पोचलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. मी कामावर आलो त्या आठवड्यातच तिचे वडील आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त ते पाकीट मामांच्या पुढ्यात ठेवलं आणि निघून गेले.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. "ही पयलीच का रं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "नाही मामा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

ते स्टुलावर बसले. कामाच्या वेळी त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. "तुझी एकेक चूक मी वरडून सांगितली, म्हणून तू शिकलास. माझ्या समद्या चुका तू गिळल्यास. मग मी कुठनं शिकणार, सांग की."

उद्यापासून ओरडतो, मी म्हणालो. अक्षरशः हात जोडले.

"आता न्हाय. चार म्हैनं हातानं चुकीचंच गिरवलंय."

त्यांनी काम बदलून मागितलं. उरलेले महिने पार्सलं वजन करत काढले आणि फडताळाकडं ते पुन्हा फिरकले नाहीत. निवृत्तीनंतर दोन-तीनदा भेटले, चहा पाजला, उभ्यानंच. रागावले होते असं वाटलं नाही. त्यामुळं मला जास्तच त्रास झाला. पुढं ते गेल्याचं मला महिन्याभरानं कळलं.

आता मीही दमलोय. माणसांची नावं सुटतात, किल्ल्या सापडत नाहीत. लोखंडी फडताळातले खण तर उभं राहून हात वर केला तरी आठवत नाहीत. माझी ती एक चूक मात्र आठवायला मला उभं राहावं लागत नाही. ती मामांनी मला तोंडावर सांगितली होती.