विहिरीवरची लाल फुली

आश्रुबा आमच्या भूजलाच्या कार्यालयात मदतनीस होता. विहिरीत टेप सोडणं हे त्याचं काम. टेपच्या टोकाला हातभर खडू घासायचा. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. बावीस वर्षं मी त्याचा साहेब होतो. माझ्याकडे डिग्री होती, त्याच्याकडे खडू, आणि चूक झाली ती डिग्रीवाल्याची. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लिहिताना मी स्वतःला सांभाळून घेईन.

त्याची थोरली बहीण भिवराबाई खडकवस्तीवर राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, दोन एकर रान आणि एक विहीर. वस्तीच्या वरच्या अंगाला सहकारी साखर कारखाना. घर न् घर त्याचं सभासद. दिवाळीला सवलतीची साखर सगळ्यांकडे. पुढे कारखान्याने दारू गाळायला सुरुवात केली आणि मळीचं पाणी उघड्या खड्ड्यांत सोडलं. दोन वर्षांत ओढ्याकाठच्या विहिरी कोऱ्या चहासारख्या झाल्या. बोलणार कोण? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दोन हजार तीनच्या दुष्काळात टँकर चार दिवसांआड यायचा. भिवराबाईची विहीर तेवढी गोड राहिली होती. ऊसतोडीहून परतलेली बिऱ्हाडंसुद्धा तिथेच घागरी भरायची, आणि ती कुणाला नाही म्हणत नसे. तिने भावाला विचारलं, “ती घाण माझ्याकडं यील का रे?”

आश्रुबाने मला विचारलं. मी नकाशा पसरला. खड्डे आणि तिची विहीर यांच्यामध्ये, जमिनीच्या पोटात, काळ्या पाषाणाची उभी भिंत होती. “पाणी भिंतीला अडून ओढ्याकडे वळतं. बहिणीला सांग, बिनघोर पी,” मी म्हणालो. त्याने तसंच सांगितलं. वस्तीभर झालं, आश्रुबाने सांगितलंय म्हणून.

त्याचं मन मात्र त्याला खात होतं. “सायेब, येकदा मोजून बघू की,” असं म्हणत तो महिनाभर माझ्या मागे लागला. शेवटी वैतागून मी हो म्हणालो. खड्ड्यांजवळच्या बोअरमध्ये आम्ही पाच पोती मीठ विरघळवून सोडलं. मीठ ज्या विहिरीत निघेल तिकडे पाणी चाललंय, आणि जितक्या दिवसांनी निघेल तितका त्याचा वेग. रोज सकाळी ओढ्याकाठी मी जायचो, आणि क्षार मोजायचं यंत्र घेऊन त्याच्या अक्काच्या, भिवराबाईच्या विहिरीवर आश्रुबा. ते काम त्याने मुद्दाम मागून घेतलं होतं.

ओढ्याकडे मीठ आलंच नाही; तिकडची घाण खड्डे ओसंडून ओढ्यातूनच गेलेली होती. एकोणिसाव्या दिवशी अक्काच्या विहिरीवर आकडा चढला. त्याने यंत्र धुऊन तीनदा बुडवलं, मग वही माझ्यापुढे धरली. “भिंतीला चीर हाय, सायेब,” एवढंच बोलला. त्याने तो आकडा लपवला असता तर मला कधी कळलं नसतं. पाण्याचा नमुना तपासला, तर मळीची घाणही पोचायला लागली होती. रंग यायचा तेवढा राहिला होता.

विहिरीवर लाल फुली मारायची होती. दुसरा माणूस पाठवतो म्हणालो. “नगं. पी म्हून मीच सांगितलं व्हतं,” तो म्हणाला.

मी जीपपाशी उभा होतो. फुली मारून होईपर्यंत भिवराबाई काठावर उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, “कुणी कराया लावलं रे तुला?”

“कुणी न्हाई अक्का. मोजलंय म्या.”

“पाणी काचेवानी हाय. आदी सांगितलंस ते तुज्या मनचं व्हतं. हे ह्या सायबाचं हाय.”

खरं तर उलटं होतं. आधीचा शब्द माझा होता, न मोजता दिलेला. फुली तेवढी त्याची होती. हे मी तेव्हाच चार पावलं पुढे जाऊन सांगायला हवं होतं. मी जीपमध्ये जाऊन बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

बाकीच्यांनी ती विहीर सोडली. भिवराबाई तेच पाणी पीत राहिली, भावाच्या पहिल्या शब्दावर. पुढे ते पिवळसर झालं तरी तिने ऐकलं नाही. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की ती त्याच पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे करायची, आणि हा प्यायचा. मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, “न्हाई पिलो तर तिला वाटंल, भाऊबी उलटला.”

आठ वर्षांनी पोटाच्या दुखण्याने ती गेली. पाण्यानेच गेली असं कुणी लिहून दिलं नाही. जन्मभर मोजमाप केलेल्या मला तेवढं काही मोजता आलं नाही.

दोन हजार तेराच्या दुष्काळात ऊसच नव्हता. कारखाना बंद पडला, खड्डे वाळले. आश्रुबा निवृत्त झाला, तरी दर महिन्याला त्या विहिरीवर जायचा आणि फोनवर मला आकडा सांगायचा. आकडा मुंगीच्या पावलाने उतरत होता. गेल्या पौषात त्याचा फोन आला. “सायेब, पाणी चोख झालं. पिण्याजोगं हाय.”

मला इतका आनंद झाला की म्हातारं डोकं घसरलं. “अरे वा! अक्काला सांगितलंस का?”



“सांगितलं. फुली घासून काढली, अन् तांब्याभर पाणी तिच्या समाधीच्या वट्यावर ठिवून आलो,” तो म्हणाला. “ह्या बारीला मोजून सांगितलं, सायेब.”