मिरचीच्या पोत्यातले चार हजार

कोणी वाचलेच तर शुद्धलेखनाची आणि या अक्षराची आधीच माफी मागते. मी चौथीच शिकले. आणि नीट लिहायला घेतले की तिसऱ्या ओळीत मला दुसरेच काही आठवते.

नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या पथारीवर आम्ही देठ खुडायला जातो. आमचा दहा बायांचा बचत गट आहे. मागच्या हंगामात गटाचे चार हजार बँकेत भरायला माझ्याकडे दिले. लाजेने नाही म्हणता आले नाही. दुपारच्या सुट्टीपर्यंत पैसे मिरचीच्या पोत्यात खुपसले, तिथे चोरही हात घालत नाही. तेवढ्यात पथारीत शेळी शिरली. तिला हाकलताना फाटकी ताडपत्री दिसली. ती शिवायला सुई मागायला गेले, तर सुईवालीने चहा दिला. परत येईपर्यंत पोती ट्रकमधून सुरतेला निघून गेली होती.

"पैसा कोठे शेतस?" गटाच्या अध्यक्ष मावशींनी विचारले.

"मिरचीत."

"तुन्हं ध्यान कथं ऱ्हास वं? एक दिन नवराले बी पोतामा भरी देशी!"

विचार वाईट नव्हता. पण पैसे भर, नाहीतर गटातून नाव काढू, असे ठरले.

त्याच महिन्यात लेकीला डॉक्टरीणबाईंकडे नेले, तिचे वर्गात लक्ष नसते म्हणून. त्या विचारत गेल्या: कामे अर्धी सोडते? वस्तू हरवते? मी जोरजोरात मान हलवली.

"ताई, मुलीचं सांगताय की तुमचं?"

एडीएचडी म्हणतात याला, तुमचीही तपासणी करू, म्हणाल्या. सासरी याला बावळटपणा म्हणतात, तो शब्द स्वस्त पडतो. "लक्षात ठेवीन यावर विसंबू नका," त्या म्हणाल्या. "हातात आलं की लगेच करा."

मग दर शनिवारी मजुरी हातात पडली की पाणीही न पिता थेट मावशींकडे. मी वाटेत भरकटू नये म्हणून माझी जाऊ पदर धरून मागे चालायची. एकदा ती आली नाही, तर मी भजीच्या गाडीवर सापडले, मलाच. एका हातात पैसे, दुसऱ्यात भजी, तशीच पळाले. मावशींनी दोन्ही घेतले.

गेल्या शनिवारी शेवटचे दोनशे दिले. मावशींनी बोटाला थुंकी लावून मोजले.

"आते बँकमा तूच जाय."

"नही!" मी सगळ्यांसमोर ओरडले. बाया हसत सुटल्या. मावशींनी वहीत माझ्या नावापुढे लिहिले, चार हजार पूर्ण जमा.