दोन दारांचं खुराडं

आमच्या घराण्यात कोंबडीचं नाव निघालं तरी बायका हात धुवायच्या. त्या घराण्यातली मी, लढाईच्या दिवसांत शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यात पाटीवर कोंबड्यांच्या घराचा नकाशा काढत बसले होते. माहेरी कळलं असतं तर मला उंबऱ्याच्या आत घेण्याआधी गोमूत्र शिंपडलं असतं. पण कळवणारं कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझी चौकशी करणारंही कोणी नव्हतं.

मी लवकर विधवा झाले. नगरला शिकून मास्तरीण झाले आणि त्या गावच्या मुलींच्या शाळेत आले. गावात मला मान होता. मान म्हणजे काय, तर मी विहिरीवर गेले की बायका बोलणं थांबवून मला वाट करून द्यायच्या, आणि मी घागर भरून वळले की पुन्हा बोलायला लागायच्या. शनिवारी दुपारी शाळा सुटली की सोमवारी सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, शेजारची चाची.

चाचीचा नवरा कापूस पिंजायचा. तो गेल्यावर चाची गोधड्या शिवून आणि कोंबड्या पाळून राहायची. तिच्या परसात आणि माझ्या परसात कमरेइतकी मातीची भिंत होती. संध्याकाळी ती पलीकडून टेकायची, मी अलीकडून टेकायचे. ती कोणाकडे पाळणा हलला ते सांगायची, मी मुलींच्या खोड्या सांगायचे. मी तोंडानं फटकळ. गावातल्या कोणाला काही लागट बोलून आले की रात्रभर स्वतःचाच जीव खायचे. चाची मात्र माझ्या फटकळपणाला खुशाल हसायची. सहा वर्षांत मी तिच्या घरचा पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. हे आज लिहिताना मला लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

मग तिच्या मुलीचा पैठणहून निरोप आला. तिला दिवस गेले होते आणि ते अवघड जात होते, सासरी बघणारं कोणी नव्हतं. पैठण म्हणजे गोदावरीपलीकडे, निजामाच्या हद्दीत. चाचीनं बोचकं बांधलं आणि भिंतीशी आली.

"बाई, माझ्या कोंबड्या बघताल का? अर्धलीनं घ्या."

"म्हणजे काय?"

"कोंबड्या माझ्या, निगा तुमची. पिल्लं व्हतील ती निम्मी तुमची, निम्मी माझी. दोन म्हैन्यात येते म्या."

मी कोंबड्यांना हात लावायचा की नाही, याचा विचार करायला मला रात्र हवी होती. पण चाचीचे डोळे भरलेले पाहिले आणि तोंडातून "हो" निघून गेलं. पाच कोंबड्या आणि एक तुरेवाला कोंबडा माझ्या पदरात टाकून ती गेली.

दोन महिने झाले, चार झाले. मुलगी बाळंत झाली पण अंथरुणातून उठेना, असा निरोप आला. त्या चार महिन्यांत मला कळलं, की मी आजवर एकटी राहत होते असं जे मला वाटायचं ते खोटं होतं. खरं एकटेपण आता सुरू झालं होतं. संध्याकाळी मी सवयीनं भिंतीशी जायचे, पलीकडचं कुलूप बघायचे आणि परत फिरायचे. एकदा तर एका खुडुक कोंबडीला सगळी सहामाही परीक्षा सांगितली. ती अंड्यांवरून उठून गेली नाही, म्हणून मला बरं वाटलं.

कोंबड्या चाचीच्या जुन्या खुराड्यात बसायच्या. ते होतं गुडघ्याएवढं, मातीचं, पुढे दगड लावायचा. अंडं काढायचं तर जमिनीवर पालथं पडून खांद्यापर्यंत हात आत घालावा लागे. चाचीची कंबर धरलेली. ती रोज सकाळी तशी पडायची आणि उठताना "या अल्ला" करायची, ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मी चार दिवस तशी पडले आणि ठरवलं, चाची परत येईल तेव्हा तिला हे करावं लागता कामा नये.

शाळेत सरकारी कागद येत, लढाईमुळे धान्य वाढवा, भाज्या लावा, असले. त्यात एक कोंबड्या पाळण्याबद्दलचा होता. त्यात एक चित्र होतं: तारेच्या जाळीचं आवार, आत माणूस सरळ ताठ उभं, हातात टोपली. त्या चित्रानं मला झपाटलं. माणूस उभं राहील असं आवार, आणि त्याच्या पोटात रात्री बसायला घर!

मी मुळात आखलेल्या रेघेशिवाय चैन न पडणारी बाई. पाटीवर नकाशा काढला, पुसला, पुन्हा काढला. प्रत्येक कोंबडीला किती जागा, बसायच्या दांड्या किती उंच, अंड्यांसाठी खोकी कोणत्या कोपऱ्यात, दुपारची सावली कुठे पडते, हे मी आठवडाभर मोजत होते. भिंतीचा मधला भाग पाडायचा आणि आवार दोन्ही परसांत मिळून घालायचं. माझ्या बाजूनं एक दार, चाचीच्या बाजूनं एक दार. आणि मध्ये तुराट्यांचा कूड. एका भागात माझ्या वाट्याची पिल्लं, दुसऱ्या भागात तिच्या कोंबड्या आणि तिची पिल्लं. सकाळी ती तिच्या दारानं येईल, मी माझ्या दारानं येईन, दोघी आपापली अंडी काढू आणि कुडाच्या फटीतून बोलू. मला ते इतकं स्पष्ट दिसत होतं, की मी एकटीच हसायचे.

गावचे सुतारमामा नकाशा बघून डोकं खाजवायला लागले.

"बाई, कोंबड्यांना येवढी उंची कशापायी? उंट बांधायचाय का?"

"माणसानं उभं राहायचंय."

"आन् ह्यो मधी कूड?"

"माझ्या इकडे, चाचीच्या तिकडे. सरमिसळ नको."

"एका आईची पिल्लं व्हनार, ऱ्हातील की येका जागी. आमच्यात असं करीत न्हाईत, बाई. चाची येऊ द्या, मंग—"

"मामा," मी म्हटलं, "नकाशा माझा आहे. तुम्ही फक्त ठोका."

मामांनी पाटी मला परत दिली. माणसाचं वाक्य मध्येच तोडायची ही माझी खोड शाळेतली. मुलींना तिचा उपयोग होत असेल, माझं तिनं कधी भलं केलं नाही.

जाळी लढाईत मिळेना. मग बाभळीच्या मेढी रोवल्या, भोवती तुराट्या विणल्या, खालून मुंगसानं उकरू नये म्हणून हातभर खोल दगड पुरले. वर उसाचं पाचट घातलं. शाळेतल्या पोरी सुटीत शेणाचा हात फिरवायला आल्या. गावातले लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत आणि बाहेरून म्हणत, "बाईंच्या कोंबड्यांचा वाडा झाला का?" मला त्याचंही बरं वाटायचं. निदान कोणी दारात थांबत होतं.

तीन कोंबड्या अंड्यांवर रवणीला बसवल्या. घारीनं नेलं, मानमोडीच्या रोगानं नेलं, ते जाऊन अठरा पिल्लं वाढली. चाचीच्या नवांच्या पायांत मी लाल दोरा बांधला, माझ्या नवांच्या पायांत पांढरा. निवडताना धट्टीकट्टी तिच्याकडे घातली, हेही सांगते, कारण ते खरं आहे. पाच मोठ्या आणि कोंबडा अर्थात तिच्या भागात. मग मी वाट बघायला लागले.

उन्हाळा संपता संपता एका सकाळी ती आली. रविवार होता. नदी होडीनं ओलांडून पुढची वाट पायी आली होती. वाळली होती. मला बघून हसली, पण आधी माझ्याकडे आली नाही. तिनं स्वतःच्या घराचं कुलूप काढलं, आत गेली, छपराकडे बघितलं, चुलीवरची धूळ पदरानं झाडली. मी भिंतीशी उभी राहून अधीर झाले होते. मला तिला आवार दाखवायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं.

"चाची, आधी इकडे या!"

तिला मी तिच्या दारातून आत नेलं. ती सरळ उभी राहिली, वर पाचटाकडे पाहिलं. दांडीला हात लावला. अंड्यांचं खोकं कमरेच्या उंचीवर होतं, त्यातून तिनं एक अंडं उचललं आणि हातात धरून ठेवलं. मग तिला मधला कूड दिसला. पलीकडची पिल्लं दिसली, त्यांच्या पायातले पांढरे दोरे दिसले, मग आपल्या बाजूचे लाल.

"वाटा काढून ठिवला व्हय, बाई?"

"अगदी चोख," मी म्हटलं. मला केवढा अभिमान वाटत होता! "नऊ तुमची, नऊ माझी. इकडचं पिल्लू तिकडे नाही. मोठ्या सगळ्या तुमच्या. मोजून घ्या."

चाची हातातलं अंडं फिरवत माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं ते खोक्यात परत ठेवलं.

"बरं केलं," ती म्हणाली. "मंग घिऊनच जाते."

मला वाटलं, मुलीच्या घरी न्यायची असतील. मी उत्साहानं डालगी आणून दिली, कोंबड्या-पिल्लं धरून दिली, त्यांच्यावर ओलं फडकं घातलं. सुतारमामांची गाडी नदीकडे निघाली होती, तीवर बसवून दिलं. "आता कधी येणार?" मी विचारलं. तिनं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मामा गाडीच्या पुढे बसले होते, त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

पाऊस सरला, दिवाळी गेली. मी रोज पांढऱ्या दोऱ्यांच्या नऊ कोंबड्यांना दाणे टाकायचे. तिकडचा अर्धा भाग रिकामा होता. मी त्या भागात कोंबड्या सोडल्या नाहीत. तो चाचीचा होता.

संक्रांतीच्या आधी कासारीण शाळेत आली. ती नदीच्या दोन्ही अंगांना बांगड्या घेऊन फिरायची. ती पोरींच्या हातांत बांगड्या चढवत असताना मी तिला चाचीचं विचारलं.

"हाय बरी. लेकीपाशीच ऱ्हाती आता. हितलं घर दिलं इकून, तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"विकलं? परत नाही यायची?"

कासारणीनं माझ्याकडे नीट बघितलं. "बाई, ती यायचंच बोलाया आल्ती ना उन्हाळ्यात. लेकीला बरं वाटलं, जावाय म्हनला जा तुमच्या घरी. म्हनली, बाई येकटी हाय, तिच्याबी जिवाला बरं. आन् हितं येऊन बघती तर वाटा काढलेला."

"पण तो तर तिचाच होता! मी तर—"

"न्हवं बाई. अर्धलीचं जित्राब कुनी आपनहून वाटीत न्हाई. वाटलं की येव्हार मोडला. जवर येका जागी हाय, तवर येनं-जानं हाय. वाटा पुढं ठिवला म्हंजी घे आन् नीघ. तिला वाटलं, तुमाला आता नको हाय ती."

पोरी ऐकत होत्या. मी त्यांना वर्गात जायला सांगितलं.

"मला माहीत नव्हतं हो," मी म्हटलं. "ते सगळं मी तिच्याचसाठी बांधलं होतं. तिची कंबर दुखते म्हणून."

"तिलाबी तसं वाटलं थोडं. म्हनली, बाई शिकल्याली, तिला आमची रीत ठाव नसंल. म्हनली, म्या वाट बघितली जरा." कासारीण टोपलीत बांगड्यांचे जोड लावत होती. "म्हनली, येवढं चालून आले, तर बाई नुसतं बस म्हनली असती तरी म्या ऱ्हायले असते."

मी आठवून बघितलं. उंची सांगितली होती, दांड्या सांगितल्या होत्या, मुंगसासाठी पुरलेले दगडसुद्धा दाखवले होते. बस म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही नाही, आणि आधीच्या सहा वर्षांतही कधी नाही.