टस्कराच्या वाटेवरचा फणस

उत्तूर मागे पडलं की आजऱ्याच्या एसटीतून दिसणारा ऊस विरळ होत जातो आणि काजूच्या बागा सुरू होतात. ऐन मे महिन्यात मी कोल्हापूरहून निघाले ते मावसबहीण सुनंदाच्या फोनमुळे. "अक्का, ह्यांनी परसातला फणस तोडायचं ठरवलंय. तूच येऊन समजाव." त्या झाडाचे गरे मी खाल्लेले आहेत, त्यामुळे जाणं भाग होतं.

शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्यांनी कुठं निघालात विचारलं. गावाचं नाव ऐकून म्हणाले, "टस्कर हाय तिकडं." (टस्कर म्हणजे सुळेवाला नर हत्ती. या भागात एकटादुकटा फिरणारा.) "दिसला तर पळू नका, पावणं. गप उभारा."

"आणि तो काय करेल?"

"ते त्येला विचारा की."

सुनंदा फाट्यावर आली होती. ओढ्याच्या काठाने चालताना ती थांबली. ओल्या मातीत परातीएवढा गोल ठसा होता, त्यामागे थोडा लांबट. पुढचा पाय आणि मागचा. एवढं मोठं जनावर, पण पाऊल गादीसारखं मऊ, त्यामुळे हत्ती अंगणात येऊन उभा राहिला तरी चाहूल लागत नाही, असं ती म्हणाली. पुढे त्याने मोडलेलं कळकाचं (बांबूचं) बेट होतं. मोडलेल्या जागी ऊन खाली उतरलं होतं आणि कोवळं गवत वर आलं होतं. वाटेच्या कडेला जुन्या लिदीचा ढीग होता, त्यात फणसाच्या आठळ्यांना कोंब फुटलेले.

"खातोय लई, पचवतोय निम्मं," सुनंदा म्हणाली. "ऱ्हायलेलं रानात पेरत जातोय. आमचा फणसबी असाच आलाय. फुकटचं खत म्हणून पाटीभर लीद आणून भोपळ्याला घातलीती. भोपळा ऱ्हायला बाजूला, फणस आला."

परसात सुनंदाचे यजमान, दत्तू दाजी, झाडाखाली उभे होते. बरोबर लाकूड कापायची मशीन घेऊन इब्राहिमभाई. झाड बुंध्यापासून लगडलेलं होतं.

"अक्का, चहा घ्या आन् ऱ्हावा, पर ह्यात पडू नका," दाजी म्हणाले. "गेल्या साली फणसापायी आला आन् गोठ्याची भिंत पाडली. म्हस थोडक्यात वाचली. औंदा ती गाभण हाय. झाड ठेवू का म्हस?"

प्रश्न रास्त होता. माझी म्हैस असती तर मीही हेच केलं असतं.

"भिंत कुठली पाडली?"

"पल्याडची."

मी गोठ्याला वळसा घातला. नव्या विटांची भिंत झाडाच्या उलट्या अंगाला होती. फणसासाठी आलेला हत्ती झाड सोडून तिकडे कशाला जाईल? आत गेले. म्हशीच्या वासात आणखी एक वास होता, गोड, दाट. नव्या भिंतीलगत पिंजर (भाताचं वाळकं काड) रचलेली होती. हात घातला तर काटेरी, गरम, पिकलेला फणस.

"हे काय?"

"पिकत घातल्यात," सुनंदा म्हणाली. "पिंजरीत चांगलं पिकत्यात."

"गेल्या वर्षी?"

"तवाबी हितंच. कायम हितंच घालतोय की."

इब्राहिमभाईंनी मशीन खाली ठेवली. "दत्तू, लेका, तू म्हशीच्या उशाला हत्तीचं ताट वाढून ठेवलंस."

हत्तीची नजर अधू असते, पण सोंडेला वास फार लांबून लागतो, हे दाजींनाही ठाऊक होतं. फक्त गोठ्याशी त्याची सांगड घातली नव्हती.

"झाडावरच्यांचं काय?" त्यांनी विचारलं. "ती पिकली की येणारच."

"पिकायच्या आत उतरवायचे. गोठ्यात एकही ठेवायचा नाही. वास नाही तर भिंत पाडायचं कारण नाही."

"आन् तरीबी आला तर?"

"तर मशीन आहेच," मी म्हटलं. सुनंदाने माझ्याकडे रागाने पाहिलं.

दिवसभर फणस उतरवले. दाजी वर, आम्ही खाली पोतं धरून. मी हाताला तेल लावायला विसरले आणि चीक केसांत गेला; कात्रीने बट कापावी लागली. दुपारी घनसाळचा भात, कुळथाचं पिठलं आणि आठळ्यांची भाजी. इब्राहिमभाई टेम्पो भरून बाजाराला निघाले. "झाड न्यायला आलतो, फणस घिऊन चाललोय," एवढं बोलून गेले.

कोल्हापुरात सगळे विचारतात, हत्ती दिसला का. दिसला नाही. त्याचं पाऊल, त्याचं खाणं आणि त्याने पेरलेलं रान तेवढं पाहिलं. शेजाऱ्याची ओळखही बहुतेक वेळा एवढीच असते.

मग एका सकाळी दाजींचा फोन आला.

"अक्का, आलता."

"मग?"

"झाडाखाली उभारला. सोंड वर करून लई हुंगलं. बुंध्याला अंग घासलं आन् वढ्याला गेला. गोठ्याकडं बघितलंबी न्हाय."

"म्हैस?"

"रवंथ करत हुती. पुढल्या साली जरा लवकर या. फणस उतरायला माणूस कमी पडतंय."